चाळिसावं घर

१४ जून २००५, मंगळवार

आज 'टिंब'ची ०.७ आवृत्ती साइटवर चढवली. दुपारपर्यंत अकरा जणांनी उतरवून घेतली. जर्मनीच्या युर्गनची मेल आली, 'सुंदर काम.' दोनच शब्द, पण दिवसभर तेच डोक्यात होते.

वर्षाराणीनं ही डायरी हातात ठेवली. म्हणाली, "रोज मला टिंब टिंब सांगत बसता. ह्यात लिहा, मला भाकऱ्या करू द्या." म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांना घेऊन एका अंधशाळेत गेलो होतो. तिथं एक शिक्षक पत्र्याच्या पाटीवर कागद लावून टोच्यानं एकेक ठिपका पाडत धडा उतरवत होते. एका पानाला तास. मी घरी आलो आणि टिंब हा प्रोग्राम लिहायला बसलो. मराठीत टाईप केलेला मजकूर घ्यायचा, त्याचं ब्रेल करायचं आणि ठिपके उठवणाऱ्या मशीनकडं पाठवायचं. फुकट आहे. नुसतं फुकट नाही, उघडं आहे. कुणीही आतलं बघावं, बदलावं, चूक दाखवावी. नऊ शाळा वापरतात. युर्गननं तर त्यात जर्मन अक्षरांचा तक्ताही जोडलाय.

कसबा बावड्यातल्या दोन खोल्यांत बसून केलेली गोष्ट जर्मनीत चालते. आमच्या आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "चालंना का. पर तिकडं कुणाला काय ठावं तू बाळासो हाईस म्हणून?" खरं आहे. तिकडं मी बी. एस. खोत आहे.

२१ जून

मुरगूडच्या पुढच्या एका निवासी अंधशाळेतून मेल. आर. हुक्केरी. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेही सगळं मोठ्या लिपीत, म्हणजे इंटरनेटच्या भाषेत ओरडल्यासारखं. 'सर तुमच्या प्रोग्राममधी आकडा गळतोय. सगळीकडं न्हाय. कधी कधी.'

तक्रार कशी करायची याचा फॉर्म मी साइटवर इंग्रजीत टाकलाय. कुठली आवृत्ती, कुठलं मशीन, नेमकं काय केल्यावर काय झालं. हुक्केरींनी त्यातलं काहीही भरलेलं नाही. 'कृपया फॉर्म भरावा' असं उत्तर पाठवलं.

२४ जून

युर्गनला टिंब उघडल्यावर दिसणारं, खिडकीच्या वरचं चित्र फिकट वाटत होतं. सकाळी मेल आली, कॉलेजवरून आल्या आल्या बदललं, संध्याकाळी नवं चित्र चढवलं. तो म्हणाला, इतक्या वेगानं उत्तर देणारा माणूस त्यानं पाहिला नाही.

५ जुलै

हुक्केरींची दुसरी मेल. इतिहासाचं साठ पानांचं पुस्तक छापलं, त्यात चार ठिकाणी सनाचा शेवटचा आकडा नाही. १६७४ चं १६७ झालंय, १८५७ चं १८५. फॉर्म याही वेळी नाही. पुढं लिहिलंय, 'फॉर्म इंग्लिशमधी हाय, माझं वाचणारं सॉफ्टवेअर त्यो नीट वाचत न्हाय.'

मी त्याच पुस्तकाची तीन पानं टिंबमध्ये घातली आणि पडद्यावर डोळ्यांनी तपासली. ब्रेल मला डोळ्यांनी वाचता येतं. सगळे आकडे जागच्या जागी. मग टिंबच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं, इंग्रजीत उत्तर लिहिलं आणि तेच त्यांना मराठीतही पाठवलं: 'माझ्याकडे व्यवस्थित चालते. आपल्या मशीनची पिन अडकत असावी. शिवाय आकडे बोटांनी वाचताना शेवटची खूण सुटू शकते. डोळस व्यक्तीकडून तपासून घ्यावे.' तक्रार बंद केली.

उत्तर मोजकं झालं. दोनदा वाचलं.

२९ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. बंधारा कधीच पाण्याखाली गेलाय, शियेकडचा रस्ता बंद, कॉलेजला सुट्टी. चार दिवस घरात. आज लाईन सुरू झाली तेव्हा एकदम बावीस मेल पडल्या.

एक हुक्केरींची, लिस्टवर टाकलेली, खाली कुणाकडून तरी करून घेतलेलं इंग्रजीही. 'सर, माझी बोटं एकतीस वर्षं वाचायला लागलीत. पिन अडकली असती तर दर पानावर अडकली असती. निस्ती आकड्यावरच का अडकंल?'

खाली युर्गननं लिहिलं होतं, 'मला यांचं म्हणणं पटतं. पुन्हा बघशील का?'

मला राग आला. हुक्केरींचा नाही, युर्गनसमोर असं झालं याचा. काही उत्तर दिलं नाही. वर्षाराणी चहा घेऊन आली, पडद्याकडं बघून म्हणाली, "कोण हाय हो हे, एवढं मोठ्या अक्षरात?"

"आहे एक. मुरगूडकडचं."

"मग मुरगुडात जाऊन या की. दीड तासाचा तर रस्ता."

"पूर आलाय," मी म्हणालो.

"पूर काय जलमभर राहणार हाय?"

११ सप्टेंबर, रविवार

लिहू की नको असं करत बसलो होतो. लिहितो.

युर्गनला चाळीसऐवजी बत्तीस घरांची ओळ हवी होती, त्याचं मशीन लहान आहे. ब्रेलच्या एका ओळीत चाळीस घरं असतात, एका घरात एक अक्षर किंवा एक आकडा. त्यासाठी ओळ तोडणारा भाग दीड वर्षांनी उघडला. आकड्यांसाठी मी तिथं वेगळी वाट केली होती, संख्या मधेच तुटू नये म्हणून. त्या वाटेवर 'चाळीसपेक्षा कमी' असं लिहिलंय. 'चाळीस किंवा कमी' हवं होतं.

म्हणजे असं. संख्या ओळीच्या मधे कुठं आली तर काही होत नाही. ती बरोबर चाळिसाव्या घरात संपली तरच तिचा शेवटचा आकडा तिथंच पडतो आणि प्रोग्राम निमूट पुढच्या ओळीवर जातो. कधी कधी. सगळीकडं नाही.

आणि पडद्यावर दाखवायचा भाग मी वेगळा लिहिलाय. त्यात ही चूक नाही. मी जुलैत तीन पानं तपासली, तीनशे तपासली असती तरी मला सापडलं नसतं. मी पडद्यावर बघत होतो, चूक कागदावर होती. कागद माझ्याकडं नव्हता. ज्यांच्याकडं होता त्यांना मी सांगितलं की तुमची बोटं चुकतात.

दुरुस्ती एका खुणेची. दहा मिनिटं लागली नाहीत. मग तासभर नुसता बसून राहिलो.

१२ सप्टेंबर

०.७.१ चढवली. सोबतच्या टिपणात लिहिलं, 'बत्तीस घरांची सोय. इतर किरकोळ सुधारणा.'

हुक्केरींची बंद केलेली तक्रार उघडली नाही. परवाच बंगलोरहून निमंत्रण आलंय, डिसेंबरात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा आहे, तिथं टिंबवर वीस मिनिटं बोलायचं. आत्ताच लिस्टवर 'दीड वर्ष आकडे गळत होते' असं लिहिलं तर? आणि चूक तर गेलीच आहे. जे नवं उतरवतील त्यांना बरोबर मिळेल.

असं मी स्वतःला सांगतोय. मुरगूडच्या शाळेत इंटरनेट नाही हे मला माहीत आहे. त्यांच्याकडं मी एका शिबिरात दिलेली सीडी आहे. हुक्केरी गावातल्या कॅफेत जाऊन मेल करतात. 'इतर किरकोळ सुधारणा' वाचून ते कशाला नवी आवृत्ती उतरवतील?

एका ओळीची मेल पाठवली तरी पुरे. उद्या पाठवतो.

१८ ऑक्टोबर

पाठवली नाही.

सहामाही परीक्षा संपल्या. पेपर तपासतोय. एका मुलानं सबंध गणित बरोबर सोडवून शेवटी उत्तर उतरवताना आकडा चुकवलाय. अर्धा मार्क कापला. मग परत दिला.

२२ नोव्हेंबर

मुरगूडच्या शाळेतून फोन. मुख्याध्यापक गणपतराव खराडे. आवाज मोठा, अघळपघळ.

"खोत सर, तीन डिसेंबरला अपंग दिन हाय. पावणं म्हणून तुमीच यायचं. तुमच्यामुळं यंदा पोरांनी पैल्यांदा सहामाही आपापल्या बोटांनी वाचून दिली बघा. आदी आमी पेपर वाचून दाखवायचो."

माझ्या तोंडून 'येतो' निघून गेलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. सहामाही. म्हणजे ऑक्टोबरात. म्हणजे जुन्या सीडीवर.

वर्षाराणीला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. "मग बरंच झालं की," म्हणाली, "जाऊन सांगा."

मी नवी सीडी करून ठेवलीय. जेवणाच्या वेळेत त्यांच्या मशीनवर बसवून टाकीन. कुणाला कळायचं कारण नाही.

३ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय.

दहाला पोचलो. पटांगणात मांडव, मुलं रांगेत. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. आर. हुक्केरी म्हणजे रुद्राणी हुक्केरी. मी पाच महिने त्यांना पुरुष समजत होतो. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, कपाळावर विभूतीची रेघ, स्वतः अंध, मराठी आणि इतिहास शिकवतात. गणपतरावांनी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "तुमीच व्हय खोत सर. माझी मेल मोठ्या अक्षरात जाती म्हणं. कॅफेतल्या पोरीनं परवा सांगितलं. मला ते कळत न्हाय, माफ करा."

त्यांनी माझी माफी मागितली.

भाषण केलं. काय बोललो आठवत नाही. टाळ्या बऱ्याच पडल्या, अंध मुलं टाळ्या फार मनापासून वाजवतात.

नंतर ऑफिसात चहा. रुद्राणीबाई एका मुलीला घेऊन आल्या. निशिगंधा, सातवीतली, तेरा वर्षांची, दोन वेण्या, मान किंचित डावीकडं कललेली. बाईंच्या हातात ब्रेलचे दोन कागद होते.

"सर, एवढं बघा. ही पोरगी गणितात कधी पंचवीसात तेवीसच्या खाली आली न्हाय. सहामाहीला नऊ. हे गणित बघा. रांगेत बारा झाडं, तर एकशे चव्वेचाळीस झाडांच्या रांगा किती? कागदावर चौदा झाडं आल्यात. हिनं लिवलंय, एक रांग, दोन झाडं उरली. चौदाचं बरोबरच हाय की! अशी चार गणितं हैत."

गणपतराव हसले. वाईट हसले नाहीत, समजूत काढल्यासारखे हसले. "बाईंचा ह्या पोरीवर जीव हाय, सर. आमचं गणिताचं मास्तर छापील पेपरावरनं तपासत्यात. त्यात एकशे चव्वेचाळीस हाय. सगळ्यांचंच मार्क कमी आल्यात. आणि खरं सांगू का, अंध पोरास्नी गणित जड जातंच. सरकारनंच सवलत दिलीया. हिला आठवीपास्नं गणित सोडून दुसरा विषय द्यायचं ठरवलंय."

"कागद चुकीचा हाय, मी तवापास्नं सांगतोय," रुद्राणीबाई म्हणाल्या. तिकडच्या बायका बोलतात तसं 'सांगतोय'.

गणपतरावांनी कपाटातून फाईल काढली. "बाई, किती येळा? हे सरांनीच लिवून दिलंय की." आणि त्यांनी माझी जुलैतली मेल वाचून दाखवली. कुणाकडून तरी छापून घेऊन फाईलला लावलेली. 'आकडे बोटांनी वाचताना शेवटची खूण सुटू शकते.' शब्दन् शब्द. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "व्हय का न्हाय, सर?"

खोलीत चौघे होतो. मुलगी कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. शाल माझ्या खांद्यावर होती.

मी म्हणालो, "बघतो."

तेवढंच. जेवायच्या वेळी सगळे पंगतीत असताना कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन नवी सीडी बसवली. जुनी खिशात घातली. सही करायला वही पुढं आली, तिच्यात 'संस्थेचे कार्य प्रेरणादायी आहे' असं लिहिलं.

४ डिसेंबर

वर्षाराणीनं विचारलं, "सांगितलासा?"

"नवं बसवून आलो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "नवं बसवलं म्हणून त्या पोरीचं नऊ मार्क तेवीस झालं व्हय?"

मी राजारामपुरीत जाऊन आलो, काही काम नसताना. तिसऱ्या गल्लीपासून अकराव्या गल्लीपर्यंत चालत. ओळखीचं कुणी भेटू नये असं वाटत होतं.

९ डिसेंबर

रुद्राणीबाईंना पत्र लिहायला चार वेळा बसलो. पहिल्यात मी 'तांत्रिक कारण' लिहिलं. दुसऱ्यात 'आपल्या निदर्शनास आले त्याप्रमाणे'. तिसरं पत्र दोन पानी झालं, त्यात मी एकट्यानं, विनामोबदला, कॉलेज सांभाळून कसं काम करतो ते होतं. चौथं फाडलं नाही, पण पाठवण्यासारखंही नाही. चारही पत्रांत मी शहाणा दिसतो.

१३ डिसेंबर

त्यांचीच मेल आली. या वेळी बारीक अक्षरात. कॅफेतल्या मुलीनं बटण बघून, भाषाही नीट करून दिली असणार.

'सर, तुम्ही येऊन गेल्यापासून आकडा गळत नाही. मी इतिहासाचं पुस्तक परत छापून सगळं वाचलं. चारही सन बरोबर आले. गणिताचा पेपर पण छापला, एकशे चव्वेचाळीस आलं. आमच्या मशीनला कुणी हात लावलेला नाही. तुम्हाला माहीत होतं का?'

उद्याची रजा टाकली.

१४ डिसेंबर

सकाळच्या एसटीनं गेलो. निढोरीच्या पुढं ऊसतोडीच्या बैलगाड्यांमागं अर्धा तास अडकलो. परत फिरावं असं एकदा मनात येऊन गेलं, तेही लिहून ठेवतो.

रुद्राणीबाई वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून वह्या तपासत होत्या. कागदावरून बोटं चालली होती. मी नाव सांगितलं. बोटं थांबली.

"बाई, चूक माझी होती. तुमची बोटं बरोबर होती."

"त्ये मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला कवा कळलं?"

"सप्टेंबरात. अकरा तारखेला."

"आमची परीक्षा कवा झाली?"

"ऑक्टोबरात."

"मग सांगितलासा का न्हाई?"

एसटीत मी तीन उत्तरं तयार केली होती. एकही आलं नाही. "लाज वाटली," म्हणालो.

"कुणाची? माझी?"

"माझी स्वतःचीच."

"तुमची लाज हुती तर तुमच्यापाशी ठिवायची," त्यांचा आवाज चढला, वर्गातली मुलं गप्प झाली. "माझ्या अंगावर का टाकलासा? पाच म्हैनं मी ती वागवली. हितं सगळी मास्तर मंडळी म्हणायला लागली, हुक्केरीबाईंची बोटं गेली आता, वय झालं. मीबी घरी जाऊन माझीच बोटं तपासायची. जुनी पुस्तकं काढायची आणि वाचून बघायची, बरोबर येतंय का म्हणून. तुमाला ठाऊक हाय का त्ये काय असतंय? तुमी डोळं चोळून बघत असशिला तसं."

मी उभाच होतो. बसा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं उठल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "चला. गणपतरावांच्या फुडं सांगा. मग पोरीला."

गणपतरावांना सांगितलं. ते आधी ऐकूनच घेईनात, "असूंदे हो सर, मशीन हाय, चुकतंय" म्हणत राहिले. मग मी फाईल मागितली, माझी मेल काढली आणि तिच्यावर पेननं लिहिलं: 'हे खोटं आहे. चूक प्रोग्रामची होती आणि ११ सप्टेंबरपासून मला माहीत होती.' खाली सही केली. बी. एस. नाही, बाळासो शिवगोंडा खोत. गणपतराव त्या कागदाकडं बघत राहिले. त्यांचाही चेहरा उतरला. "म्हंजे मीबी पोरीला..." एवढंच बोलले.

निशिगंधाला बोलावलं. रुद्राणीबाईंनी सांगितलं, "बाळ, पेपर चुकीचा हुता. तू न्हाईस. ह्या सरांच्यानं चूक झाली, त्ये सांगायला आल्यात."

मुलगी ओळीत उभी असल्यासारखी ताठ उभी होती. ती सहा वर्षांची असताना तापात डोळे गेले, हे मला नंतर कळलं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "डोळं गेलं तसं आता डोकंबी चाललं."

गणपतराव म्हणाले, "आपण परत पेपर घेऊ, बाळ. आत्ता घेऊ."

"नगं."

"अगं, मार्क वाढतील."

"मला गणितच नगं," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत वर्गाकडं गेली.

मी निघालो तेव्हा रुद्राणीबाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मला माफी सांगून भागत न्हाय. जिथं लिवलासा तिथंच लिवा. जेवढ्यांनी त्ये वाचलं तेवढ्यांनी ह्ये वाचू दे."

१५ डिसेंबर

लिस्टवर लिहिलं. मराठीत आधी, खाली इंग्रजीत. काय चुकलं, कुणी दाखवलं, मी काय उत्तर दिलं, मला कधी कळलं, मी काय लपवलं, त्यामुळं कुणाचं काय झालं. रुद्राणीबाईंचं पूर्ण नाव घातलं. त्यांची तक्रार पुन्हा उघडली आणि 'माझ्याकडे चालते' खोडून 'तक्रार खरी' असं लिहिलं. मग नऊही शाळांना फोन लावले. मेल नाही, फोन.

मराठवाड्यातल्या एका शाळेतले सर म्हणाले, "आमची मागची वार्षिक परीक्षा याच्यावरच झाली हो." मग कपाट उघडल्याचा, कागद चाळल्याचा आवाज आला. ते पेपर आता त्यांच्याकडं नाहीत. कुणाचं काय गळलं, कधीच कळणार नाही.

युर्गनचं उत्तर, 'हे तू सप्टेंबरात सांगायला हवं होतंस. मी तुझ्यावर विसंबून होतो.' पहिल्या वेळी दोन शब्द होते, या वेळी दोन वाक्यं.

१७ डिसेंबर, बंगलोर

वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं याच चुकीवर बोललो. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एकानं हात हातात घेऊन सांगितलं, असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही.

मुरगुडात 'बघतो' म्हणताना या माणसानं मला पाहायला हवं होतं. दुपारचं जेवण न घेता स्टेशनवर आलो.

२३ जानेवारी २००६

रुद्राणीबाईंचा फोन. आता तक्रार फोनवरही घेतो, फॉर्म मराठीत केलाय आणि त्यांचं सॉफ्टवेअर तो वाचतं की नाही हे त्यांनीच तपासून दिलं. आज सतरा चुका सांगितल्या. एकेक सांगताना त्या पान आणि ओळ सांगत होत्या. आठव्या चुकीला मी म्हणालो, "हे तसं चूक नाही बाई, तशी पद्धत आहे."

"कुणाची पद्धत?"

"माझी," म्हणालो, आणि लिहून घेतली.

पुढची आवृत्ती त्यांनी कागदावर वाचून होकार दिल्याशिवाय काढायची नाही असं ठरलंय. लिस्टवरही तसं जाहीर केलं. निशिगंधाबद्दल विचारायचं होतं. धीर झाला नाही.

२ एप्रिल

०.८ दुसऱ्यांदा परत पाठवली बाईंनी. समासात गडबड आहे. वर्षाराणी म्हणते, "बरं चाललंय तुमचं." तिच्या बोलण्यात टोमणा होता का, कळलं नाही. विचारलंही नाही.

गणपतरावांचं पत्र आलंय. गणिताच्या सहामाहीचा निकाल सगळ्याच मुलांचा रद्द केला, वार्षिकचा पेपर दोघा डोळस शिक्षकांनी छापील प्रतीशी ताडून दिला. पत्राच्या शेवटी, 'निशिगंधा पेपरास बसली नाही. ताप होता असे सांगते.'

१९ जून २००६, सोमवार

शाळा सुरू झाल्या. दुपारी रुद्राणीबाईंचा फोन. आधी ०.८ बद्दल बोलल्या. साठ पानं वाचली, एक आकडा गळलेला नाही, काढायला हरकत नाही. मी चार महिने ज्या होकाराची वाट बघत होतो तो आला आणि मला त्याचं काही वाटेना. मी विचारलंच, "निशिगंधाचं काय झालं?"

"आठवीत गेली. गणित घेतलंय तिनं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सुट्टीत घरी बसून मामाच्या दुकानात तोंडी हिशेब करत हुती म्हणं. आली आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, मला गणित पायजे. पर तिची एक अट हाय. पेपर ठिपक्यांचा द्यायचा, पण सोबत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. ती ऐकणार, मग बोटानं ताडून बघणार. दोन्ही जुळलं तरच सोडवणार."

"बाई, आता तशी गरज नाही. तुम्ही स्वतः तपासलंय. तिला सांगा ना."

"सांगितलं की. म्हणाली, बाई, तुमच्या बोटांवर माझा इस्वास हाय. त्या सरांवर न्हाय."

बाहेर कुणीतरी बंब पेटवत होतं, धूर खिडकीतून आत येत होता. मी खिडकी लावायला उठलो नाही.

"सर, हैसा न्हवं?"

"आहे. बरोबर आहे तिचं," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि ०.८ बरोबर द्यायच्या सूचनांचं पान उघडलं. पहिल्या ओळीवर, आवृत्तीच्या नावाच्याही आधी, लिहिलं: 'या प्रोग्रामवर छापलेली कोणतीही प्रश्नपत्रिका मुलांच्या हाती देण्यापूर्वी एकानं मूळ प्रतीवरून मोठ्यानं वाचावी व दुसऱ्यानं बोटांनी ताडून पाहावी.' खाली कुणाची सूचना तेही लिहायचं होतं. बाईंना परत फोन केला आणि निशिगंधाचं नाव घालू का, असं तिला विचारायला सांगितलं. तासाभरानं निरोप आला. नाव घालायचं नाही.

तसंच ठेवलं आणि चढवलं.